चाळीस टक्के आणि तीस मीटर

चाकाच्या खुर्चीचं चित्र रंगवलेल्या जागेत गाडी लावली की वॉचमन येतो आणि विचारतो, "दाखला आहे का?" देशभर चालेल असा एकच पार्किंग पास आपल्याकडे नाही. म्हणून सोसायटी असो, सरकारी कचेरी असो की मॉल, पुढं करायचा कागद तोच: अपंगत्वाचा दाखला. वाद झालाच तर बोट जातं त्यावरच्या टक्क्यांवर. चाळीस भरले की नाही?

शरीर टक्क्यांत मोजायची सवय जुनी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात हाताचा अंगठा गेला तर ३० टक्के धरतात. पण ते टक्के कमाईचे: कमावण्याची ताकद किती घटली, त्याचे. सवलतींसाठीची चाळिशी १९८६ मध्ये केंद्राच्या एका अधिसूचनेतून आली आणि १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यानं ती पक्की केली. त्या कायद्यात तर ४० टक्क्यांच्या खालचा माणूस अपंग या व्याख्येतच बसत नव्हता. ४०च का, ३५ का नाहीत, याचं कारण कायद्याच्या मजकुरात दिलेलं नाही.

खरा गुंता 'टक्के' या शब्दात आहे. अपंगत्व मोजायच्या २००१ च्या सरकारी मार्गदर्शिकेत पायाचं मोजमाप दोन भागांत होतं. एक, सांधे किती हलतात आणि स्नायूंत किती जोर आहे. दोन, पाय अंगाचा भार किती पेलतो. या दुसऱ्या भागासाठी डॉक्टरांसमोर नऊ गोष्टी करून दाखवायच्या, प्रत्येकीला १० गुण: सपाट जागी चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यांवर बसणं आणि वळणं. एकूण ९०. उकिडवं बसणं आणि मांडी यांना जागा मिळाली हे फार योग्य झालं, कारण आपलं निम्मं जगणं जमिनीवरचं असतं. मात्र 'किती लांब चालता येतं' हा प्रश्न या नऊ गोष्टींत नाही.

माझ्या मावशीच्या उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. जिल्ह्याच्या गावी बुधवारी दाखले देणारा डॉक्टरांचा बोर्ड बसायचा, तिथं मी तिला घेऊन गेलो होतो. बाकावर दोन तास गेल्यावर नंबर आला. डॉक्टर म्हणाले, "जिना चढून दाखवा." मावशीनं पदर खोचला, डाव्या हातानं कठडा पकडला, उजव्या हातानं गुडघा मागं दाबला आणि पाच पायऱ्या चढून गेली. "जमतं की मला," असं वर हसून म्हणाली. चाळीस वर्षं तिनं हेच कमावलं होतं. दाखल्यावर ३८ टक्के आले. दवाखान्याच्या फाटकापासून बोर्डाच्या खोलीपर्यंत येताना ती तीनदा थांबली होती, ते कुणी विचारलं नाही आणि लिहायला रकानाही नव्हता.

आकड्यांची बेरीजही सरळ नसते. मोठ्या आकड्यात लहान आकडा मिळवताना आधी त्याला ९० वजा मोठा आकडा यानं गुणायचं आणि ९० नं भागायचं. म्हणून ३० आणि ३० मिळून ६० होत नाहीत, ५० होतात. शिवाय अस्थिव्यंगाच्या दाखल्यावर टक्के अमुक अवयवाच्या संदर्भात, असं लिहिलेलं असतं. एका पायाचे ४५ टक्के म्हणजे सबंध शरीराचे ४५ नव्हेत. अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हे स्पष्ट केलं: अवयवाचे टक्के वेगळे, शरीराचे वेगळे, कमाईच्या नुकसानीचे वेगळे. सवलतीच्या खिडकीवर मात्र तिन्हींना एकाच काट्यात तोलतात.

२०१६ च्या नव्या कायद्यानं अपंगत्वाच्या ७ प्रकारांचे २१ केले. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आला, विदर्भात आणि नंदुरबारकडे घरोघरी माहीत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आजारही आला. पार्किन्सन्सचा माणूस गोळी लागू असताना चालतो आणि उतरली की जागीच खिळतो. बोर्डाला दिसतो तो सकाळी अकराचा माणूस. हृदय आणि फुप्फुसाचे आजार यादीत नाहीत. दहा पावलांवर धाप लागणाऱ्याला त्या धापेसाठी दाखला मिळायची सोयच नाही.

याच कायद्यानं 'अपंग' आणि 'किमान ४० टक्के अपंग' या दोन व्याख्या वेगळ्या केल्या. २०२१ मध्ये लेखनिक मागणाऱ्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात जिथं चाळीसची अट नाही तिथं ती लादू नये. त्याच्या दाखल्यावर ६ टक्के होते. मला हा सगळ्यात महत्त्वाचा निकाल वाटतो, आणि खिडकीपर्यंत तो अजून पोचलेला नाही. तिथं पोचलं ते २०२४ चं प्रकरण. पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दाखल्यावर संशय आला, राज्यात दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली आणि खरे दाखले असलेले लोकही पुन्हा रांगेत उभे राहिले.

वाहनांच्या बाजूनं शब्द बदलले. मोटार वाहन कायद्यातला 'इनव्हॅलिड कॅरेज' (अपंगांसाठीचं वाहन) २०१९ च्या दुरुस्तीत जाऊन 'अ‍ॅडॅप्टेड व्हेईकल' (गरजेप्रमाणे बदललेलं वाहन) आला. ऑक्टोबर २०२० पासून गाडीच्या नोंदणी अर्जात मालकीच्या प्रकारांत 'दिव्यांगजन' असं लिहिता येतं. २०२४ च्या नियमांनी दिव्यांगांच्या ओळखपत्राला टक्क्यांप्रमाणे रंग दिले: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं.

इमारतींच्या नमुना नियमांत पार्किंगचं माप वेगळंच आहे. राखीव जागा दारापासून ३० मीटरच्या आत हवी आणि रुंदी निदान ३.६ मीटर हवी, म्हणजे दार पूर्ण उघडून खुर्ची बाजूला लावता येते. इमारत बांधणाऱ्यानं माणसाला किती चालावं लागेल ते मीटरमध्ये मोजलं. मावशीला आता पांढरं कार्ड मिळेल. तिच्या सोसायटीच्या ठरावात मात्र 'किमान ४० टक्के' असं लिहिलं आहे, आणि तिची गाडी अजून मागच्या भिंतीला लागते.