कलिंगडाला इटालियनमध्ये काय म्हणतात?

मिलानच्या बाजारात कलिंगड हवं असेल तर 'आंगूरिया' मागायचं. फ्लोरेन्स-रोमकडे तेच 'कोकोमेरो', आणि नेपल्सला 'मेलोने'. यातला खरा शब्द कोणता, असं विचारलं तर प्रत्येक भाजीवाला आपलाच सांगेल, आणि कुणीच खोटं बोलत नसेल.

या गोंधळाचं मूळ 'दियालेत्तो' या शब्दात आहे. आपण त्याचं भाषांतर 'बोली' करतो आणि तिथेच पाय घसरतो. वऱ्हाडी म्हटली की ती मराठीच्याच घरातली, हे आपण धरून चालतो. नेपल्सची, सिसिलीची किंवा व्हेनिसची 'बोली' मात्र इटालियनमधून निघालेली नाही. या सगळ्या थेट लॅटिनच्या लेकी, म्हणजे इटालियनच्या बहिणी. (कोकणी-मराठी वाद ज्यांनी पाहिलाय त्यांना हा मुद्दा किती नाजूक आहे हे सांगायला नको.) त्यांतली फ्लोरेन्सची बहीण तेवढी मोठ्या घरी पडली, म्हणजे प्रमाण इटालियन ठरली.

तीही लगेच नाही. हद्दपारीत फिरणाऱ्या दान्ते या फ्लोरेन्सच्या कवीने 1304च्या सुमारास इटलीतल्या लोकभाषांची मोजदाद केली, चौदा निघाल्या. एकही पसंत पडली नाही, स्वतःची फ्लोरेन्सची धरून! हा निवाडा त्याने लिहिला लॅटिनमध्ये, आणि पुढे महाकाव्य रचलं ते मुख्यतः फ्लोरेन्सच्याच भाषेत. 1525 साली पिएत्रो बेम्बो या लेखकाने नियम घालून दिला: पद्य पेत्रार्कासारखं, गद्य बोकाच्चोसारखं. बेम्बो स्वतः व्हेनिसचा, आणि फ्लोरेन्सच्या भाषेत लिहिणारे हे दोघे आदर्श जाऊन दीडशे वर्षं झालेली. म्हणजे भाषा ठरली ती बाजारातली नव्हे, पोथीतली.

1583 साली फ्लोरेन्समध्ये स्थापन झालेल्या अकादमीने तर नावच घेतलं 'क्रुस्का', म्हणजे कोंडा. कोंडा काढून भाषेचं पीठ चाळायचं, ही कल्पना. बोधचिन्ह पीठ चाळण्याचं यंत्र, आणि सभासदांची टोपणनावं रंगवली ती भट्टीत पाव सारायच्या फावड्यांवर. 1612 साली त्यांचा शब्दकोश छापून झाला, पण तोवर हे पीठ कुणाच्या रोजच्या चुलीपर्यंत पोचलं नव्हतं.

कादंबरीकार मान्झोनीचं उदाहरण बोलकं आहे. हा मिलानचा, घरात मिलानी आणि फ्रेंच. 1827 साली कादंबरी पुरी झाली, पण तिची भाषा त्यालाच पुस्तकी वाटली. तो फ्लोरेन्सला गेला आणि पुढची कित्येक वर्षं, त्याच्याच शब्दांत, 'आर्नो नदीत कपडे खळबळत' बसला. जिथे तिथे पुस्तकी 'एल्यी' खोडून लोकांच्या तोंडचं 'लुई' घातलं. अर्थ तोच, 'तो'. सुधारलेली आवृत्ती 1840 ते 42मध्ये निघाली.

1861 साली देश एक झाला तेव्हा खरोखर इटालियन बोलणारे किती होते? भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरोंच्या अंदाजाने अडीच टक्के. इतरांनी हा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास नेला. तरी दहातले नऊ बाहेरच! खुद्द राजा वायव्येकडच्या पिएमोंते प्रांताची भाषा नाहीतर फ्रेंच बोलायचा. पुढे शाळा, लष्कर आणि दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांकडे गेलेले लोंढे यांनी काम केलं. माझ्या मते शेवटचा धक्का दूरदर्शनचा. ते 1954 साली सुरू झालं, आणि 1960 ते 68 आल्बेर्तो मान्झी नावाचे मास्तर पडद्यावरून निरक्षर प्रौढांना लिहा-वाचायला शिकवत होते.

बोली मेल्या नाहीत. 1999च्या कायद्याने बारा अल्पसंख्याक भाषांना संरक्षण दिलं. त्यांत सार्दिनियन आहे, फ्रियुलियन आहे. नेपोलितान, सिसिलियन आणि व्हेनेतो नाहीत. यावर तिकडे अजून डोकी तापतात.

अनुवादकाच्या पुढ्यात हा सगळा इतिहास एकदम येऊन पडतो. कादंबरीकार एलेना फेर्रान्तेने त्यातल्या त्यात सोपं केलंय: पात्र नेपोलितानमध्ये ओरडलं, असं ती बहुतेकदा इटालियनमध्येच सांगून मोकळी होते. रहस्यकथा लिहिणाऱ्या आंद्रेआ कामिल्लेरीचं तसं नाही. त्याचं वाक्यच अर्धं सिसिलियन. फ्रेंचमध्ये एका अनुवादिकेने त्यासाठी फ्रान्समधल्या लिओं शहराकडचे शब्द वापरले. मराठीत तसं मालवणी वापरलं तर वाचक सिसिलीतून उठून थेट कुडाळला पोचेल.

त्याहून अवघड गोष्ट दोन शब्दांची आहे. कामिल्लेरीचा फौजदार मोंताल्बानो फोनवर म्हणतो, 'मोंताल्बानो सोनो'. प्रमाण इटालियन 'सोनो मोंताल्बानो', म्हणजे क्रियापद आधी. ते शेवटी गेलं की इटालियन कानाला लगेच सिसिली ऐकू येते. मराठीत क्रियापद एरवीही शेवटीच असतं. 'मोंताल्बानो बोलतोय' लिहिलं की वाक्य अगदी बिनचूक होतं, आणि सिसिली नाहीशी.