व्हिस्कीची किंमत नेमकी कशाची?

भट्टीतून नुकतीच उतरलेली व्हिस्की पाण्यासारखी नितळ असते. रंग आणि बराचसा स्वाद तिला ओकच्या पिंपात मिळतो. पिंप आतून भाजलेलं किंवा जाळलेलं असतं. त्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन फुटतं आणि व्हॅनिलीन तयार होतं; व्हॅनिलाचा ओळखीचा वास याच रेणूचा. जळालेला थर गंधकाचा उग्र दर्पही शोषून घेतो.

स्कॉच म्हणवून घ्यायला स्कॉटलंडमध्ये किमान ३ वर्षं पिंपात राहावं लागतं. तिथे दरवर्षी सुमारे २ टक्के माल हवेत उडून जातो, म्हणजे २० वर्षांत जवळपास एक तृतीयांश. जुनी व्हिस्की महाग असण्याचं एक कारण हे सरळसोट आहे: मुळात उरतेच कमी. पण जुनी म्हणजे उत्तम असं मात्र नाही. फार मुरली तर लाकडाचा तुरटपणा सगळ्यावर मात करतो. आणि बाटलीत भरली की मुरणं थांबतं.

वेगवेगळ्या व्हिस्की एकत्र करून केलेल्या मिश्रणाला (ब्लेंडला) अनेकजण नाक मुरडतात, ते मला अन्यायाचं वाटतं. एकाच दिवशी भरलेली दोन पिंपंही सारखी निघत नाहीत. अशा डझनावारी पिंपांतून दरवर्षी तीच चव जुळवायची, तीही बहुतेक फक्त वासावर, हे मोठं कसब आहे. लेबलावरचं वय मात्र त्यातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं.

नावाची किंमत वेगळीच. मॅकॅलन या स्कॉच बनवणाऱ्या कंपनीच्या १९२६ च्या एकाच पिंपातून १९८६ मध्ये ४० बाटल्या भरल्या; त्यातली एक २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात २१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. हा भाव दुर्मीळपणाचा आणि नावाचा.

नावावर भाव ठरला की नकली मालही येतोच. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात ‘१८७८ ची मॅकॅलन’ म्हणून एक पेला सुमारे १०,००० फ्रँकला विकला गेला. शंका आली म्हणून हॉटेलने नमुना तपासायला दिला. विसाव्या शतकाच्या मध्यातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) वाढला होता आणि तो तेव्हाच्या धान्यातही उतरला. त्या खुणेवरून ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेने ही व्हिस्की १९७० ते १९७२ दरम्यानची ठरवली. दुसऱ्या तपासणीत ती सिंगल माल्टही (एकाच भट्टीत फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की) निघाली नाही: सुमारे ६० टक्के माल्ट, ४० टक्के ग्रेन (इतर धान्यांची व्हिस्की), म्हणजे चक्क मिश्रण. हॉटेलने गिऱ्हाइकाचे पैसे परत केले.