हृदय परत सुरू झाल्यावर पंप कधी लावायचा? पार्श्वभूमी

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात हृदय थांबलं, सीपीआर (छाती दाबून दिलेला आधार) देऊन परत सुरू झालं, पण रक्तदाब काही टिकेना. अशा रुग्णाला यांत्रिक पंपाचा आधार द्यायचा का, आणि दिला तर केव्हा, हा प्रश्न 1967 पासून चालत आलेला आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कॅन्ट्रोविट्झ यांनी पहिल्यांदा कार्डिओजेनिक शॉकच्या (हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकल्याने आलेल्या शॉकच्या) रुग्णात बलून पंप वापरला. महाधमनीत साधारण 40 मिलीचा, हेलियमने फुगणारा फुगा. हृदय सैल पडताना तो फुगतो आणि आकुंचनाच्या आधी रिकामा होतो. ताल ईसीजीवरून धरतो, त्यामुळे ठोके वेगाने आणि अनियमित पडू लागले की त्याची वेळ चुकते. उशिरा रिकामा झाला तर हृदयाला उलट त्याच्याच विरुद्ध जोर लावावा लागतो. आणि सगळं जुळलं तरी मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर प्रवाह वाढतो.

तरीही चाळीसहून जास्त वर्षं शॉक म्हणजे बलून असं समीकरण होतं. 1999 च्या ‘शॉक’ नावाच्या चाचणीने बंद रक्तवाहिनी लवकर उघडण्याचं महत्त्व दाखवलं. 2012 मध्ये जर्मनीतल्या 600 रुग्णांच्या चाचणीत 30 दिवसांतले मृत्यू बलूनसह 39.7 टक्के आणि बलूनविना 41.3 टक्के निघाले. बलूनची सद्दी तिथेच संपली.

मग जोरकस यंत्रं आली. मांडीतून डाव्या जवनिकेत बसणारा इम्पेला सीपी मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास रक्त ओढतो. 2024 च्या डॅंजर शॉक चाचणीत त्याने 180 दिवसांतले मृत्यू 58.5 वरून 45.8 टक्क्यांवर आणले. पण निवड कडक होती: लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडतंय हे दाखवणारी रक्तातली खूण) 2.5 किंवा जास्त, पंपिंग (दर ठोक्याला डाव्या जवनिकेतून बाहेर जाणारा रक्ताचा वाटा) 45 टक्क्यांहून कमी, आणि हृदय थांबून कोमात राहिलेला रुग्ण वगळलेला. म्हणजे आपला रुग्ण शुद्धीवर आलेला नसेल तर नेमका बाहेर! अशा रुग्णांवरचा पुरावा निराशाजनक आहे. 2017 च्या इम्प्रेस चाचणीतल्या 48 जणांपैकी बहुतेकांचं हृदय थांबलेलं होतं; इम्पेला आणि बलून यांत फरक दिसला नाही. 2023 च्या ईसीएलएस-शॉक चाचणीत चारपैकी तिघांना सीपीआर झालेला होता. तिथे एक्मोने (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरून ते परत ढकलणाऱ्या यंत्राने) मृत्यू घटले नाहीत, मध्यम ते गंभीर रक्तस्राव मात्र 9.6 वरून 23.4 टक्क्यांवर गेला.

कारण दुहेरी आहे. असे बरेच रुग्ण मेंदूच्या इजेने दगावतात आणि पंप मेंदू वाचवत नाही. शिवाय थांबून सुरू झालेलं हृदय काही तास बधिर असतं. पहिल्या आठेक तासांत तळ गाठून बहुधा 24 ते 72 तासांत सावरतं. त्यात रक्तवाहिन्या सैल पडल्या असतील तर पंपाचं काम नाही, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नॉरअॅड्रेनालिनचं आहे. पहिलं लॅक्टेट तर थांबलेल्या मिनिटांचाच हिशेब दाखवतं. दोन तासांनी ते उतरतंय की चढतंय ते बघायचं. चढतंय, औषधांचा डोस वाढतोय, लघवी थांबलीय आणि इकोवर डावी जवनिका खरोखर ढिली दिसतेय, तर वाट बघण्यात अर्थ नाही. सगळे अवयव बसल्यावर लावलेला पंप फक्त आकडे सुधारतो.

मराठवाड्यात या गणितात रस्ता शिरतो. किनवट किंवा देगलूरला टेनेक्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) देऊन रुग्ण आधी नांदेडला येतो, तिथून कधी हैदराबाद, कधी छत्रपती संभाजीनगर. संभाजीनगरच अडीचशे किलोमीटरच्या वर. मोठ्या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण थेट अँजिओप्लास्टीला गेलेले होते. इथे गुठळी विरघळवणारं औषध आणि सीपीआरने मोडलेल्या बरगड्या यांच्या जोडीला पंपासाठी मांडीच्या धमनीत 14 फ्रेंचचं, म्हणजे साडेचार मिलिमीटरहून मोठं भोक पडतं. म्हणून पाठवणाऱ्याने रक्ताच्या नमुन्यासाठी मांडीत वारंवार सुया टोचू नयेत, मनगट वापरावं. मांडीची जागा पुढच्यासाठी राखावी. चिठ्ठीवर हृदय थांबल्याची, परत सुरू झाल्याची आणि टेनेक्टेप्लेज दिल्याची वेळ लिहावी, 'सीपीआर दिला' एवढंच नको. किती वेळ ठोके नव्हते त्यावरच पुढचा निर्णय ठरतो.

बलून लावून हलवायचं असेल तर बॅटरी आणि हेलियमची टाकी निघण्याआधीच तपासावी, पायाची नाडी वाटेत दर अर्ध्या तासाने बघावी. फुगा बंद अवस्थेत अर्ध्या तासाहून जास्त आत राहिला की त्यावर गुठळी धरते, मग तो काढावाच लागतो.