ते येतील का? ओव्हरडोस प्रतिबंध केंद्रांमागचा इतिहास

एखाद्या शहरात ओव्हरडोस प्रतिबंध केंद्र काढायचं ठरलं की दोन प्रश्न हमखास निघतात. शेजारी विचारतात, आमच्याच गल्लीत का? अधिकारी विचारतात, नशा करणारे तिथे येतील तरी का? पहिल्या प्रश्नावर सभा गाजतात. दुसऱ्यावर दोन दशकांहून अधिक काळ शांतपणे अभ्यास चालू आहे, आणि माझ्या मते किती जीव वाचणार हे त्यावरच ठरतं.

आधी हे केंद्र म्हणजे काय ते पाहू. अमली पदार्थ तिथे मिळत नाही; माणूस तो स्वतःच आणतो आणि तिथे बसून घेतो. केंद्राकडून मिळते निर्जंतुक सुई, स्वच्छ पाणी, उजेड आणि लक्ष ठेवणारं कोणीतरी. हेरॉइन किंवा फेंटॅनिल (हेरॉइनहून कितीतरी तीव्र असं कृत्रिम औषध) यांचा ओव्हरडोस झाला, म्हणजे मात्रा जास्त झाली, की श्वास मंदावत जातो आणि थांबतो. त्या काही मिनिटांत कोणी ऑक्सिजन दिला, नॅलोक्सोन हा उतारा टोचला, तर माणूस वाचतो. बंद दाराआड एकट्याने नशा करणाऱ्याच्या जवळ मात्र त्या वेळी कोणीच नसतं.

अधिकृत परवानगीने चालणारं पहिलं केंद्र स्वित्झर्लंडमध्ये बर्नला 1986 साली निघालं. पुढे जर्मनीत फ्रँकफर्टला 1994 साली आणि ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किंग्ज क्रॉसमध्ये 2001 साली अशी केंद्रं आली. पण ‘येतील का’ या प्रश्नाचा खरा इतिहास कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये घडला.

तिथल्या डाउनटाउन ईस्टसाइड वस्तीत नव्वदच्या दशकात हेरॉइन आणि कोकेनची इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही झपाट्याने पसरला. ओव्हरडोसने माणसं मरत होती ती वेगळीच. 1997 साली ओपनहायमर पार्कमध्ये गेलेल्यांच्या आठवणीसाठी हजार क्रूस रोवले गेले, आणि त्याच वर्षी आरोग्य मंडळाने सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. याच सुमारास नशा करणाऱ्यांनीच स्वतःची संघटना उभी केली: व्हँडू. आपल्याबद्दलचे निर्णय आपल्याला विचारून घ्या, ही त्यांची मागणी होती. मला या सगळ्या कहाणीतली ही सर्वात मोलाची घटना वाटते. ज्यांना समाज बेजबाबदार म्हणत होता, तेच लोक रात्री गल्लीबोळांतून सुया वाटत हिंडत होते.

2002 अखेरीस कॅनडा सरकारच्या आरोग्य खात्याने अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक नियम काढले. नोंदणी हवी, आत आपापसांत अमली पदार्थ वाटून घ्यायचा नाही, एकाने दुसऱ्याला इंजेक्शन द्यायचं नाही. केंद्र उघडण्याआधी संशोधकांनी इंजेक्शन घेणाऱ्यांना दोनदा विचारलं: आधी नुसतं ‘अशी जागा झाली तर याल का?’ आणि मग हे नियम सांगून. नियम ऐकल्यावर होकार कमी झाले.

यात इंजेक्शन देण्याचा मुद्दा बाहेरच्याला किरकोळ वाटेल. पण अनेकांना, विशेषतः बायकांना, स्वतःची शीर सापडत नाही. वर्षानुवर्षं टोचून शिरा बसलेल्या असतात, किंवा पहिल्यापासून जोडीदारच टोचत आलेला असतो. अशा बाईला केंद्राच्या दारात ‘तुझं तू घे’ असं सांगितलं की ती पुन्हा गल्लीत जाते, जिथे टोचून देणारा आपला वाटा मागतो आणि सुई बऱ्याचदा वापरलेली असते. ज्यांना टोचून घ्यावं लागतं त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण जास्त असल्याचं याच शहरातल्या अभ्यासांनी दाखवलं होतं. म्हणजे सर्वाधिक धोका ज्यांना, त्यांनाच नियम बाहेर ठेवत होता.

एप्रिल 2003 मध्ये पोलिसांनी वस्तीत मोठी मोहीम उघडली, तेव्हा कार्यकर्त्यांनी परवानगीची वाट न पाहता कॅरल स्ट्रीटवर स्वतःचं केंद्र सुरू केलं. तिथे टोचायला मदत मिळत असे. लोक आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ईस्ट हेस्टिंग्ज स्ट्रीटवर ‘इनसाइट’ अधिकृतपणे उघडलं: सुरुवातीला बारा खण, प्रत्येकासमोर आरसा, आणि नाव म्हणून टोपणनावही चालत असे. पुढे 500 मीटरच्या परिसरातले ओव्हरडोस मृत्यू 35 टक्क्यांनी घटल्याचं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. उरलेल्या शहरात घट सुमारे 9 टक्के होती. केंद्र बंद पाडण्याचा सरकारचा प्रयत्न त्याच वर्षी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला.

मग फेंटॅनिल आलं. 2016 साली व्हँकूव्हर ज्यात येतं त्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणीबाणी जाहीर केली. स्वयंसेवकांनी नशा करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला गल्लीत तंबू ठोकले, आणि डिसेंबरमध्ये प्रांताने अशा साध्या केंद्रांना मान्यता दिली. 2017 मध्ये फक्त बायकांसाठी वेगळं केंद्रही निघालं. पुढे लोक सुई सोडून अमली पदार्थाचा धूर ओढण्याकडे वळले, आणि इनसाइटमध्ये धूर ओढायला परवानगी नव्हती. इच्छा असूनही एक मोठा गट पुन्हा दाराबाहेर राहिला.

अमेरिकेत गोष्ट कायद्यात अडकली. अमली पदार्थांच्या सेवनासाठी जागा चालवणं हा तिथे 1986 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच्या आधारे फिलाडेल्फियातली योजना 2021 मध्ये अपील न्यायालयात अडली. पण लोकांची इच्छा तिथेही आधीच मोजलेली होती. बाल्टिमोर, बोस्टन आणि प्रॉव्हिडन्समध्ये फेंटॅनिलचा धोका असलेल्यांना विचारलं तेव्हा तीनचतुर्थांशाहून अधिक जण यायला तयार होते. 30 नोव्हेंबर 2021 ला न्यूयॉर्कमध्ये दोन केंद्रं उघडली आणि पहिल्या दोन महिन्यांत 613 जण मिळून 5,975 वेळा आले. 125 वेळा कर्मचाऱ्यांना ओव्हरडोसचा धोका टाळण्यासाठी हस्तक्षेप करावा लागला. प्रॉव्हिडन्सचं केंद्र जानेवारी 2025 मध्ये सुरू झालं.

भारतात सुई-सिरिंज वाटप आणि पर्यायी औषधोपचार (अमली पदार्थाऐवजी देखरेखीखाली दिलं जाणारं औषध) नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात आहेत. असं केंद्र मात्र नाही.

सध्याचा वाद अंतराचा आहे. शाळा आणि पाळणाघरांपासून 200 मीटरच्या आतल्या केंद्रांना बंद व्हायला कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांताने 31 मार्च 2025 पर्यंतची मुदत दिली होती. ज्याला नशा न मिळाल्याने उलट्या होताहेत, अंग थरथरतंय आणि ज्याच्या खिशात पुडी आहे, तो बसने लांबच्या केंद्रात जाईल अशी अपेक्षा ठेवणं चूक आहे. त्याच्या ‘हो, येईन’मध्ये ‘जवळ असेल तर’ हे गृहीतच असतं.