एकवीस दिवसांत लेखनाची सवय लागते का?

‘सलग २१ दिवस लिहा, सवय आपोआप लागेल, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा,’ असा संदेश नवोदित कथालेखकांमध्ये बरीच वर्षे फिरत आहे.

हा आकडा १९६० साली अमेरिकेतील एका प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घेण्यास रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, एवढेच त्याचे निरीक्षण होते. पुढे ‘किमान’ ही अट गळाली आणि निरीक्षणाचा नियम झाला. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाणे, पिणे किंवा व्यायाम यांतील एखादी नवी कृती अंगवळणी पडण्याचा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला, तर व्यक्तीगणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते. कथालेखन त्यात नव्हते, पण ते याहून लवकर अंगवळणी पडेल असे मानण्यास आधार नाही. शिवाय एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, आणि नव्या लेखकासाठी मला हाच निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो.

सोलापुरात एक जानेवारीला वही उघडणाऱ्याचे लेखन संक्रांतीच्या सुमारास, नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघाली आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी घर पाहुण्यांनी भरले की थांबणारच. संदेश खरा मानला, तर कथा तिथेच अर्धी राहते. खात्री करायची असेल, तर लिहिलेल्या प्रत्येक दिवसावर दिनदर्शिकेत खूण करावी आणि त्या दिवशी बसण्यासाठी मनाची किती समजूत घालावी लागली, हे शेजारी दोन शब्दांत नोंदवावे. एप्रिलमध्ये पाने उलटून पाहिली म्हणजे यात्रेतल्या खाड्यानंतर लेखन पुन्हा कितव्या दिवशी सुरळीत झाले, ते स्वतःच्याच अक्षरात दिसेल.