ऐंशी टक्के अचूक चाचणी, तेरांत बारा चुका

जन्मठेपेचा कैदी सुटणार अशी बातमी आली की प्रश्न ठरलेला: यानं पुन्हा खून केला तर? प्रश्न रास्त आहे. पण तुरुंगातला सर्वांत धोकादायक माणूस म्हणजे जन्मठेपवाला, हे त्यामागचं गृहीतक तितकंसं खरं नाही. बराकीत हाणामाऱ्या करणारी बहुधा थोड्या मुदतीची तरणी पोरं असतात. जन्मठेपवाल्याला तिथंच दिवस काढायचे असतात. नेमून दिलेलं काम आणि रात्रीची शांत झोप त्याला गमवायची नसते.

शिवाय वय. फ्रान्सच्या नोंदी अभ्यासून अडॉल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञानं 1831 मध्येच दाखवलं, की गुन्ह्याकडचा कल पंचविशीच्या आसपास शिगेला पोचतो आणि मग ओसरत जातो. विशीत आत गेलेला पन्नाशीत सुटतो, तोवर तो चढ केव्हाच मागे पडलेला असतो.

तरी धोकादायक कोण, हे आधी ओळखता येईल? इथं माझं लाडकं गणित येतं. समजा, 1000 जण सुटणार आहेत आणि त्यांतले 20 पुन्हा हिंसा करणार आहेत. आपली चाचणी दोन्ही बाजूंनी 80 टक्के अचूक आहे. ती 20 पैकी 16 जणांना पकडेल. छान! पण उरलेल्या 980 निरुपद्रवी माणसांपैकी 20 टक्के, म्हणजे 196 जणांवरही ती 'धोकादायक' असा शिक्का मारेल. एकूण शिक्के 212, खरे 16. तेरांतले बारा चुकीचे! अचूकता 90 टक्क्यांवर नेली तरी खरे 18, खोटे 98. दोष चाचणीचा नाही, घटनाच विरळ आहे. नवा पुरावा आला की आधीचा अंदाज किती बदलायचा, हे सांगणाऱ्या बेझच्या नियमात मांडायचं तर धोकादायक आणि निरुपद्रवी यांचं मूळ गुणोत्तर 20:980, म्हणजे 1:49; चाचणीचं वजन, म्हणजे खऱ्या धोकादायकावर शिक्का बसण्याची शक्यता भागिले निरुपद्रव्यावर बसण्याची, 80 भागिले 20, म्हणजे 4; गुणाकार 4:49. पुरावा चौपट करतो, पण कशाची चौपट?

चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखणारं एआय विकणाऱ्यांना हे गणित जरूर विचारावं. 1876 मध्ये लोंब्रोसो हा इटालियन डॉक्टर कवट्या मोजून तेच सांगत होता, आणि कुंडलीवाले त्याच्याही आधीपासून.

दुसरा धोका मात्र बातमीत येत नाही. तुरुंगातल्या आत्महत्यांवरच्या अभ्यासांचा 2008 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींत मानसिक आजार आणि आत्महत्येचा आधीचा प्रयत्न होता, तसाच जन्मठेपेचा निकालही. आणि एकट्याची कोठडी.