फिले सुरी की बोनिंग सुरी? बांगडा-बोंबलासाठी कोणती घ्यावी

ऑनलाइन दुकानात मासे साफ करायची सुरी शोधली की सहा इंची, अरुंद, टोकदार पात्याच्या सुऱ्यांची रांग लागते. एकीच्या नावात ‘फिले’, दुसरीच्या नावात ‘बोनिंग’, तिसरीच्या नावात दोन्ही. फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. फिले सुरी मधल्या काट्यावरून माशाचं मांस सपाट उतरवण्यासाठी असते. बोनिंग सुरी कोंबडी-मटणाच्या हाडाभोवती फिरवून मांस सोडवण्यासाठी असते. बांगड्याला बोनिंग सुरी लावली तर काट्यावर बरंच मांस राहून जातं. कोंबडीच्या सांध्यात फिले सुरी खुपसली तर तिची धार दुमडते.

खरा फरक आहे पात्याच्या लवचिकतेत. फिले सुरीचं पातं पाठीकडे जेमतेम १ ते १.५ मिलीमीटर जाड असतं आणि टोकाकडे आणखी पातळ होत जातं. सुरीचं टोक लाकडी पाटावर टेकवून मूठ हलकेच दाबली की पातं धनुष्यासारखं वाकतं आणि सोडल्यावर सरळ होतं. बोनिंग सुरीची पाठ बहुधा २ मिलीमीटर किंवा त्याहून जाड असते, त्यामुळे तितक्याच जोराने ती जेमतेम हलते. दाब काढल्यावरही पातं वाकडंच राहिलं तर पोलादाला पाणी नीट दिलेलं नाही. अशी सुरी कोणत्याही नावाने विकत असले तरी घेऊ नये.

ही लवचिकता कुठे उपयोगी पडते हे बांगड्यावर नीट कळतं. बर्फात अर्धा तास ठेवलेला बांगडा घ्या. थंड मांस घट्ट असतं आणि सुरीखाली फाटत नाही. शिवाय बांगडा, तारली हे मासे उबेला ठेवले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही, म्हणून साफ करतानाही मासा गारच असावा. पोट फाडून आतलं काढा, धुवा आणि कोरडा पुसा. कल्ल्यामागच्या पराच्या मागून मधल्या काट्यापर्यंत तिरका छेद द्या, पण काटा तोडू नका. तिथे पातं आडवं करा, धार अगदी किंचित काट्याकडे झुकवा आणि शेपटीकडे तीन-चार लांब ओढींत उतरा. करवतीसारखं मागेपुढे करू नका, त्याने मांसाच्या पायऱ्या पडतात. मूठ पाटाच्या कडेबाहेर असली की पातं काट्यावर सपाट टेकतं आणि काट्याचा खरखरीत स्पर्श हाताला जाणवत राहतो. तो स्पर्श थांबला तर सुरी वर मांसात शिरली असं समजा.

आता बरगड्या. बांगड्याच्या पोटाकडचे काटे बाकदार असतात आणि वरच्या पद्धतीत ते कापले जाऊन उतरवलेल्या मांसाच्या तुकडीबरोबर येतात. ते काढायला सुरी त्यांच्या खालून सरकवावी लागते. लवचिक पातं त्या बाकाबरोबर वाकतं आणि काट्यांची पातळ पापुद्री निघते. ताठ पातं वाकत नाही, ते सरळ रेषेतच कापतं, त्यामुळे काट्यांसोबत तीन-चार मिलीमीटर मांस जातं. मोठ्या सुरमईत एवढं मांस गेलं तर कळतही नाही. बांगड्याच्या पोटाकडची भिंतच तेवढी जाड असते, म्हणजे तिथली सगळी तुकडीच गेली. लहान माशाला लवचिक पातं हवं ते यासाठी. त्यानंतर तुकडीच्या मधोमध, डोक्याकडच्या बाजूला बारीक काट्यांची रांग बोटाला लागते. ते काटे चिमट्याने डोक्याच्या दिशेने ओढावेत. उलट ओढले तर मांस फाटतं.

बांगड्याच्या अशा तुकड्या उतरवल्या की साधारण निम्मं वजन डोकं, काटा आणि पोट यात जातं. काटे-डोकी टाकू नयेत, त्यांचं सार चांगलं होतं.

बोंबलाची गोष्ट वेगळी. त्याचा काटा मऊ आणि मांस पाणचट, म्हणून इथे लवचिकतेपेक्षा धार महत्त्वाची. पर कापा, डोकं काढा, पोटाकडून शेपटीपर्यंत उभा चिरा, मग टोकाने मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी हलके छेद देऊन काटा उचला. बोथट पात्याखाली बोंबील कापला न जाता चिरडतो. पाट्याखाली दाबून पाणी काढायचं असतं, तेव्हा चिरडलेल्या बोंबलाचा लगदा होतो.

तारली आणि मांदेली यांच्यासाठी मात्र सुरी विकत घेऊ नका. तारलीचं डोकं मोडून अंगठा काट्यावरून फिरवला की काटा अख्खा बाहेर येतो. मांदेलीला स्वयंपाकघरातली कात्री पुरते. आणि सुरमईच्या, सरंग्याच्या आडव्या तुकड्या करायच्या असतील तर विळीच बरी. विळीवर पातं स्थिर असतं आणि दोन्ही हातांनी मासा त्याच्यावर ढकलता येतो, त्यामुळे काट्यासकट आडवा काप सहज होतो. काट्याला समांतर, पाटाशी सपाट जाणारा लांब काप मात्र तिच्यावर नीट जमत नाही. फिले सुरीची जागा तेवढीच आहे.

पण नावावर फार विसंबू नये. बोनिंग सुऱ्या ताठ आणि लवचिक अशा दोन्ही प्रकारांत येतात. व्हिक्टोरिनॉक्ससारख्या कंपन्या दोन्ही बनवतात. सहा इंची लवचिक बोनिंग सुरी बांगड्यावर जवळपास फिले सुरीसारखंच काम करते. उलट कित्येक स्वस्त ‘फिले’ सुऱ्या चांगल्या जाड आणि ताठ असतात. म्हणून वर्णनात ‘फ्लेक्सिबल’ लिहिलंय का आणि पाठीची जाडी किती दिलीय, हे पाहावं. घरात आठवड्याला कोंबडीही होत असेल आणि एकच सुरी घ्यायची असेल तर ‘सेमी-फ्लेक्स’ म्हणजे मध्यम लवचिक बोनिंग सुरी घ्यावी. मासेच जास्त होत असतील तर ही तडजोड करू नये. आणि पुढे रुंद, मागे वळलेलं, बोट घालायला भोक असलेलं जाड पातं ‘बोनिंग’ म्हणून विकतात, ते या दोन्हींतलं काहीच नाही. ती छोटी कोयतीच आहे, बांगड्याच्या कामाची नाही.

लांबी किती? बांगडा, मुडदुशी, लहान पापलेट यांना साडेपाच ते सहा इंच पातं भरपूर. रापाला कंपनीच्या नावाजलेल्या फिले सुरीत ४, ६, साडेसात आणि ९ इंच अशी मापं मिळतात. आपल्या माशांना त्यातलं ६ इंची माप योग्य. ९ इंची पात्याचं टोक लहान माशात कुठे जातंय ते दिसत नाही. पोटात ते पित्ताच्या पिशवीला लागलं की मासा कडू होतो.

थोडक्या पैशांत घ्यायची असेल तर खर्च पात्यावर करा, दिखाव्यावर नको. ‘जर्मन स्टील’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ‘१.४११६’ किंवा ‘X५०CrMoV१५’ असा पोलादाचा क्रमांक दिलेला असेल तर ते चांगल्यापैकी गंजरोधक पोलाद असतं. ४२० जातीचं पोलाद स्वस्त आणि मऊ असतं, धार लवकर जाते पण लवकर लावताही येते. महिन्यातून दोन-चारदा मासे करणाऱ्या घराला तेही चालतं. पात्यावरची लाटांची नक्षी स्वस्त सुरीत बहुधा नुसती कोरलेली असते, तिचे जादा पैसे देऊ नयेत. मूठ खरखरीत प्लास्टिकची आणि पात्याच्या मुळाशी बोट अडेल असा उंचवटा असलेली हवी. माशाच्या तेलाने हात निसटतो आणि बोट धारेवर जातं, या कामातल्या जखमा बहुतेक अशाच होतात. लाकडी मूठ फुगते, फटींत वास राहतो. चामड्याचं म्यान मिळालं तरी त्यात ओली सुरी ठेवू नये, खारट ओलाव्याने गंजरोधक पातंही ठिपक्या-ठिपक्यांनी खातं.

धार लावण्यातही दोघींत फरक आहे. बोनिंग सुरीला प्रत्येक बाजूने साधारण २० अंशांचा कोन चालतो, कारण तिला हाडाचे धक्के सोसायचे असतात. फिले सुरीला १५ ते १७ अंश. पातं २ सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून ५ मिलीमीटरच्या थोडी वर उचलली की १५ अंश होतात. दहा रुपयांची तीन नाणी एकावर एक ठेवली की जवळपास तेवढीच उंची भरते. कोन असा एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावा आणि मग नाणी काढून तोच राखावा. १००० ग्रिटचा पाण्याचा दगड पुरतो. लवचिक पातं दगडावर दाबलं की ते वाकतं आणि कोन बदलतो, म्हणून दाब अगदी हलका ठेवा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं धारेच्या मागे, पात्यावर टेकवा. खाचेतून ओढायची स्वस्त धार-पेटी पातळ पात्यावर वापरू नका. ती एकाच ठरलेल्या कोनात पोलाद खरवडते आणि वर्षभरात सहा इंची सुरीची धार मुठीजवळ खोलगट होते. मग पाटावर तो भाग टेकतच नाही आणि तुकडीची कातडी तिथे कापली न जाता लोंबकळत राहते.